वन्संच्या आठ तारा

आमच्या वन्संना नवख्या माणसाने विचारलं, "तुम्ही काय करता?" तर त्या गंभीर चेहऱ्याने सांगतात, "मी बोलणी जमवून देते." हे ऐकून एका बाईंनी एकदा लगेच पर्समधून मुलीचा फोटो काढला होता. मग वन्संना खुलासा करावा लागला, की बोलणी माणसांची नव्हेत, यंत्रांची. "आणि यंत्रं बरी हो," त्यांनी वर पुस्ती जोडली, "उंची विचारत नाहीत."

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. वय छप्पन्न. लग्न केलं नाही, आमच्याच घरात माडीवरच्या खोलीत राहतात. मोठ्या इस्पितळात कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळतात. म्हणजे या खोलीतल्या कॉम्प्युटरने पाठवलेलं त्या खोलीतल्या कॉम्प्युटरला धड पोचतंय ना, हे बघतात. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पक्कड, कात्री, भिंग आणि मी भरून दिलेला डबा. डबा बऱ्याचदा तसाच परत येतो. सकाळी मी देवापुढे दिवा लावत असते तेव्हा त्या जिन्यावरूनच ओरडतात, "माझ्यासाठी काय मागितलंस गं?"

"वेळेवर जेवा, एवढंच."

"एवढंच? देव मोठा आहे वहिनी, जरा मोठं माग!"

माझ्या रोजच्या वहीत वन्सं अशाच तुकड्यातुकड्यांनी आल्या आहेत. पण मागच्या आठवड्यात जे झालं ते चार ओळींत मावणारं नाही. आणि ते कळायला त्यांची आधीची कहाणी माहीत हवी. म्हणून आज सगळंच लिहिते.

त्या इस्पितळात लागल्या विसाव्या वर्षी, टेलिफोनच्या फळ्यावर. तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली, तिच्यात भोकाभोकांचा उभा फळा, समोर उंच स्टूल. कुठल्या वॉर्डाचा दिवा लागला की दोरीचं एक टोक त्या भोकात आणि दुसरं टोक ज्याच्याशी बोलायचं त्याच्या भोकात खुपसायचं. दिवसाला चारशे-पाचशे बोलणी. आवाजावरून त्या डॉक्टर ओळखायच्या, आणि शांततेवरून कुणाचं भांडण चाललंय तेही.

मग कॉम्प्युटर आले. एकदम नाही, एकेक. नोंदणीत एका कंपनीचा, औषधाच्या कोठीत दुसऱ्या, रक्त तपासायच्या खोलीत तिसऱ्याच. प्रत्येकाची भाषा निराळी. "एका घरात पाच जावा आणि पाचींचा अबोला," वन्सं सांगतात. रक्ताचा रिपोर्ट वॉर्डात पाठवायचा तर तो चपट्या चकतीवर उतरवायचा आणि चकती हातात घेऊन तीन जिने चढायचे. हे काम आलं वन्संवर, कारण फळ्यावरून उठून पळायची सवय त्यांनाच होती. "पहिलं नेटवर्क म्हणजे मीच," असं त्या म्हणतात. "वेग चांगला होता. मधे चहाला थांबायची, तेवढाच काय तो उशीर."

पुढे एक जाड गोल केबल आली. खोलीतून खोलीत, कॉम्प्युटरमागून कॉम्प्युटर अशी एकच, आणि दोन्ही शेवटच्या टोकांना छोट्या टोप्या. टोपी निघाली की सगळं ठप्प. एकदा झाडणाऱ्या मावशींनी टोपी काढून, स्वच्छ पुसून, खिडकीत ठेवली. अख्खं इस्पितळ तासभर मुकं! वन्सं चार मजले धुंडाळत होत्या आणि मावशी कौतुकाने सांगत होत्या, "किती धूळ होती हो तिच्यात!"

त्या केबलवर सगळ्यांनाच एका तारेवर बोलायचं असायचं. मी विचारलं होतं, मग गोंधळ नाही होत? वन्सं म्हणाल्या, "तू आणि तुझी बहीण फोनवर काय करता? दोघी एकदम बोलता. मग दोघी थांबता. मग 'तू बोल', 'नाही, तू बोल', आणि पुन्हा दोघी एकदम. यंत्रं फक्त एक शहाणपणा करतात. थांबताना प्रत्येकजण वेगवेगळा वेळ थांबतो, मग एकाचं आधी होतं." रक्ताच्या खोलीतली यंत्रं मात्र शिस्तीची. ती गोलात बसलेली, आणि एक चिठ्ठी गोल फिरायची. चिठ्ठी ज्याच्याकडे त्यानेच बोलायचं. मला ती पद्धत फार आवडली. आमच्या घरी लागू करावी म्हणून मी जेवणाच्या टेबलावर एक चमचा ठेवला, की ज्याच्या हातात चमचा तोच बोलेल. दोन दिवस चमचा वन्संनी सोडला नाही.

गंमत म्हणजे शिस्तवाली यंत्रं मागे पडली आणि गोंधळवाली टिकली. का, तर गोंधळ कसा घालायचा याचे नियम सगळ्या कंपन्यांनी मिळून कागदावर उतरवले होते. मोठमोठ्या समित्या बसल्या, क्रमांक दिले, पुस्तकं छापली. प्लग केवढा, तार कसली, निरोपाचा लखोटा किती लांब, पत्ता त्याच्यावर कुठे लिहायचा, सगळं ठरलं. मग कुणाचंही यंत्र घ्या, बोलतं झालं. वन्सं याला "ठरवलेलं" म्हणतात. हा त्यांचा आवडता शब्द. दूध उतू गेलं तरी त्या विचारतात, "कोण बघणार हे ठरवलेलं नव्हतं का?"

नेटवर्कचे प्रकारही मी त्यांच्याकडूनच शिकले, भाजी निवडता निवडता. कानातल्या बोंड्या आणि खिशातला फोन यांचं आपापसात जमतं, ते अंगावरचं नेटवर्क. घरातलं किंवा इस्पितळातलं, एका छपराखालचं, ते दुसरं. शहरभर पसरलेलं तिसरं. आणि समुद्राखालून तारा घालून देशोदेशी गेलेलं चौथं. "आणि इंटरनेट?" मी विचारलं. "ते काही वेगळं नेटवर्क नाही गं. या सगळ्या छोट्यामोठ्या नेटवर्कांनी एकमेकांत सोयरीक केली, त्या गोतावळ्याचं नाव." सांगतात, की फार वर्षांपूर्वी दोन दूरच्या विद्यापीठांतल्या यंत्रांत पहिला निरोप पाठवायला घेतला, तेव्हा दोन अक्षरं गेली आणि यंत्राने मान टाकली. वन्संना हे सांगताना फार आनंद होतो. "सुरुवात सगळ्यांचीच अशी," म्हणतात.

आता मागच्या महिन्याचं.

इस्पितळाला नवीन इमारत झाली, तीन मजली, लांबलचक. एक्स-रे तिकडे हलवले. आता फिल्म नसते. छायाचित्र थेट कॉम्प्युटरवर येतं आणि तारेतून ऑपरेशनच्या मजल्यावर जातं. शिवाय शहरातली आणखी तीन इस्पितळं या इस्पितळाशी जोडायची होती. हे मोठं काम कुणाकडे जाणार? इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी वन्संना बोलावून स्पष्ट सांगितलं, "ताई, नव्या इमारतीच्या तारा तुम्ही घाला. तीन आठवड्यांनी, गुरुवारी सकाळी दहाला चाचणी. छाती किंवा हाताचं छायाचित्र दहा सेकंदांत वरच्या मजल्यावर उघडलं, तर चारही इस्पितळं जोडायचं काम निवृत्तीपर्यंत तुमचं. नाही उघडलं, तर बाहेरची कंपनी येईल आणि तुम्हाला जुन्या कागदपत्रांच्या कोठीत बसावं लागेल. माझ्या हातात तेवढंच आहे."

निवृत्तीला चार वर्षं. जुन्या कागदपत्रांची कोठी म्हणजे गठ्ठे बांधायचे आणि धूळ झटकायची. वन्सं घरी आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, आता माग काहीतरी मोठं."

बेचाळीस खोल्यांना बेचाळीस केबली, म्हणजे चौऱ्याऐंशी टोकं. केबलच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. नारंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडीत एक तार भरल्या रंगाची, दुसरी त्याच रंगाच्या पट्ट्याची पांढरी, आणि दोघींचा एकमेकींना पीळ. टोकाला पारदर्शक प्लग, त्याच्यात आठ घरं. तारा ओळीने आत सारायच्या आणि पक्कड दाबायची. वन्संचा नियम टेलिफोनपासूनचा: इकडे जो क्रम, तिकडे तोच. आणि क्रम त्यांचा स्वतःचा. नारंगी जोडी, तिच्याशेजारी हिरवी, मग निळी, मग तपकिरी. डब्यात खण लावावेत तसं.

पुस्तकातला क्रम निराळा आहे हे त्यांना माहीत होतं. पुस्तकात हिरव्या जोडीतल्या दोघी फोडून त्यांच्या मधे निळी जोडी घुसवलेली. वन्संना ते कधीच पटलं नव्हतं. "नवराबायकोच्या मधे दोन पाहुणे बसवायचे? ही कसली रीत! दोन्ही टोकांना सारखं असलं म्हणजे झालं." आणि खरंच, जुन्या इमारतीत पंचवीस वर्षं त्यांच्या क्रमाने सगळं चाललं होतं.

सोमवारी रंगीत तालीम झाली. प्रत्येक केबल तपासायच्या छोट्या यंत्रावर एक ते आठ दिवे ओळीने हिरवे लागले. वन्सं खूश. मग कुणाच्या तरी छातीचं छायाचित्र पाठवलं. वरच्या मजल्यावर पडद्यावर खांदे आले, गळ्याची हाडं आली, अर्धं फुप्फुस आलं, आणि पुढे काही येईना. पाच मिनिटं डॉक्टर मंडळी अर्ध्या फुप्फुसाकडे बघत उभी. एकजण म्हणाला, "रोग वरच्या भागातच असेल अशी आशा करू या."

सगळ्या तारा जिथे जमतात तिथे नव्या पेट्या बसवल्या होत्या, कुठला निरोप कुठे जायचा ते ठरवणाऱ्या. संशय त्यांच्यावर गेला. तारांचे दिवे हिरवे, मग दोष पेट्यांचाच! पेट्या पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस धावत आला. माझ्या वयाचा, टक्कल पडलेला, महिनाभर खोकत असलेला एक भला गृहस्थ. त्याने दोन पेट्या बदलल्या. अर्धं फुप्फुस. तिसरी बदलली. अर्धंच. मोठ्या बाई म्हणाल्या, "गुरुवारी असंच झालं तर सगळ्या पेट्या परत." पेटीवाल्याच्या फोनवर त्याचे साहेब एवढे ओरडत होते की शेजारच्या नर्सेसना शब्द न् शब्द ऐकू आला. हे काम हातचं गेलं तर त्याची बदली दूरच्या गोदामात होणार होती.

मंगळवारी संध्याकाळी वन्सं लवकर घरी आल्या. डबा पूर्ण भरलेला. मी दिवा लावून, माळ ओढून टेबलाशी आले तर त्या हातभर केबलचा तुकडा सोलून बसलेल्या.

"आई गं, किती सुबक पीळ आहे!" मी म्हणाले. "पण सरळ ठेवल्या असत्या तर तार कमी लागली असती. पीळ कशाला घालतात?"

"अगं, बाहेरची कटकट लागू नये म्हणून. शेजारी दिव्याची तार असते, मोटर असते, त्यांचा त्रास होतो. दोघी एकमेकींना गुंडाळून असल्या की तो त्रास दोघींना सारखा होतो, आणि पलीकडे पोचल्यावर एकीतून दुसरीचा वजा होतो. उरतो तो फक्त निरोप. म्हणून एक निरोप जोडीनेच जातो, एकाच पिळातल्या दोघींनी मिळून."

"मग प्लगमधे जोडी कुठली हे यंत्राला कसं कळतं?"

"ठरवलेलं आहे ना. पहिलं-दुसरं घर एक जोडी. तिसरं आणि सहावं दुसरी जो—"

वन्सं थांबल्या. हातातल्या तुकड्याकडे बघितलं. बोटाने घरं मोजली, एक, दोन, तीन… पुन्हा मोजली. मग भिंग मागितलं. मी दिलं.

"वहिनी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "माझ्या क्रमात तिसऱ्या घरात हिरवीतली आहे. आणि सहाव्यात निळीतली."

"मग?"

"मग काय! यंत्र त्यांना जोडी समजतं आणि त्या दोघींची तोंडओळखसुद्धा नाही. वेगवेगळ्या पिळातल्या. पुस्तकात हिरवीतल्या दोघी तिसऱ्या आणि सहाव्या घरात आहेत, लांब बसल्या तरी जोडी तीच. म्हणून तो क्रम तसा! आणि मी शहाणी, पाहुणे उठवून बसले."

"पण दिवे तर हिरवे लागले?"

"दिव्याला एवढंच कळतं की इकडची तिसरी तिकडे तिसरीत निघाली. कुणाचा पीळ कुणाशी, हे त्याला काय माहीत? जुन्या इमारतीत चार हातांच्या तारा आणि मंद वेग, तिथे खपून गेलं. इथे सत्तर मीटर आणि पळत जायचंय."

हे तोपर्यंत वर्तमानपत्रामागून ऐकत होते. "पण ताई, मधे निळी कशाला घुसवली मुळात? ओळीने ठेवायची ना चार घरं, तुझ्यासारखी."

वन्सं उठून वर गेल्या आणि ते जाडं पुस्तक घेऊन आल्या. पंचवीस वर्षं कपाटाचा पाय टेकवायला ठेवलेलं. पानं चाळली, वाचलं, आणि अशा हसायला लागल्या की मला वाटलं ताणाने झालं काहीतरी.

"मधली दोन घरं टेलिफोनची आहेत, बाळ्या! आधी टेलिफोन होता. त्याच्या प्लगमधे मधली जोडी पहिल्या फोनची आणि तिच्या बाहेरून दुसऱ्या फोनची, ही टेलिफोनवाल्यांची जुनी रीत. भिंतीतल्या त्याच खाचेत फोनही बसावा म्हणून हा क्रम धरला. म्हणजे माझ्याच खात्याला मान देऊन मधली जागा राखून ठेवली होती, आणि फळ्यावर आयुष्य काढलेल्या मीच तिला नावं ठेवली!"

सगळे हसलो. पण हसून झाल्यावर टेबलावर ते आलंच.

"सोपं आहे," हे म्हणाले. "उद्या जाऊन गुपचूप टोकं बदल. गुरुवारी चाललं की सगळे म्हणतील पेटी सुधारली. तुझं काम तुझ्याकडे राहील. कुणाला काही सांगायची गरजच नाही."

"आणि पेटीवाला?"

"त्याचं काय?"

"त्याने तीन पेट्या बदलल्या बाळ्या. तीन पेट्या खराब निघाल्या असं त्याच्या नावावर लिहिलं जाईल, आणि तो गोदामात खोकत बसेल."

"आणि तू सांगितलंस तर तू कोठीत बसशील. तुला धूळ सोसत नाही."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. "तू काय म्हणतेस गं? तुझा देव काय म्हणतो?"

मी उपदेश करणाऱ्यांतली नाही, आणि वन्संना तर मुळीच नाही. मी म्हणाले, "पीळ कशाला असतो हे त्याने माझ्या तोंडून विचारवलं, असं मला वाटतं. पुढचं तो तुमच्यावर सोडत असेल."

"त्याला तारांमधलं एवढं कळतं तर पंचवीस वर्षांपूर्वी विचारवायचं होतं," वन्सं म्हणाल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

बुधवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. ह्यांनी रजा टाकली. तोंडाने काहीही बोलले तरी पिशवी ह्यांनीच उचलली होती. मोठ्या बाईंच्या खोलीत पेटीवालाही होता, चौथी पेटी मांडीवर घेऊन. वन्सं खुर्चीवर बसल्या नाहीत.

"बाई, पेट्यांचा दोष नाही. तारांची टोकं मी चुकीच्या क्रमाने लावली. सगळीच. चौऱ्याऐंशी. पुस्तकात दिलेलं होतं, मी पाळलं नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "का पाळलं नाही?"

"मला माझा क्रम जास्त नीटनेटका वाटला."

पेटीवाल्याने मांडीवरची पेटी हळूच टेबलावर ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी. मग म्हणाला, "बाई, माझ्याकडे पक्कड आहे. ताईंना हरकत नसेल तर निम्मी टोकं मी करतो."

"उद्या दहा," मोठ्या बाई म्हणाल्या. "तारीख बदलणार नाही. ताई, बाकीचं आपण उद्या बोलू."

आणि आम्ही लागलो. वन्सं खोल्यांमधली टोकं करणार, पेटीवाला पेट्यांकडची. हे शिडी धरायला. मी काय करणार? वन्संना चष्म्यातून बारीक रंग बघताना वेळ लागत होता, म्हणून मी भिंग धरून रंग सांगायला बसले. पांढरा-नारंगी, नारंगी. पांढरा-हिरवा, निळा. पांढरा-निळा, हिरवा. पांढरा-तपकिरी, तपकिरी. पाच-सहा टोकं झाल्यावर मला चाल सापडली, माझ्या सकाळच्या जपाचीच. खोटं कशाला सांगू, बोटंसुद्धा आपोआप मणी ओढायला लागली. एक नर्स दारात थांबून म्हणाली, "मावशी, हे कुठलं स्तोत्र?" वन्सं टेबलाखालून म्हणाल्या, "आमच्या घराण्यातलं आहे. आजपासून."

पहिली सहा झाल्यावर एक केबल छोट्या यंत्राला लावली. दिवे एक, दोन, तीन असे लागायच्या ऐवजी भलत्याच क्रमाने उड्या मारायला लागले. वन्संचा चेहरा पडला. धावत पेट्यांच्या खोलीत गेलो. पेटीवाल्याने हिरवी जोडी आधी आणि नारंगी फोडून घेतली होती.

"अहो, हे काय केलंत?"

"पुस्तकातलंच आहे! मी नेहमी असंच करतो."

"पुस्तकात नारंगी आधी आहे!"

दोघांनी पुस्तक उघडलं. डाव्या पानावर पेटीवाल्याचा क्रम, उजव्या पानावर वन्संचा आजचा. दोन्ही मान्य, दोन्ही ठरवलेले. एवढ्या मोठ्या समितीचंसुद्धा एकमत झालं नव्हतं!

"ठरवलेलंही दोन-दोन प्रकारे ठरवलंय?" हे शिडीवर हात ठेवून म्हणाले. "मग ताईने तिसरा केला तर काय बिघडलं?"

"बिघडलं," वन्सं आणि पेटीवाला एकदम म्हणाले. मग दोघं एकदम थांबले. मग पुन्हा एकदम बोलले.

पेटीवाल्याने समजावलं, की या दोन्हींत जोड्या शाबूत राहतात, फक्त नारंगी आणि हिरवीने जागा बदललेल्या. कुठलाही एक घ्या, पण एका इस्पितळात एकच. मला पटलं. देवाला लोक कुठल्याही नावाने हाक मारोत, जपाच्या मधे नाव बदललं की माझी माळ चुकते. पेटीवाल्याने तक्रार न करता आपली सहा टोकं कापली आणि उजव्या पानाच्या क्रमाने पुन्हा केली. संध्याकाळी साडेसहाला चौऱ्याऐंशीवं टोक झालं. जमिनीवर रंगीबेरंगी कपट्यांचा सडा. वन्संच्या अंगठ्याला फोड आलेला. आणि ह्यांनी माझा डबा सगळ्यांना वाढून रिकामा केलेला.

गुरुवारी मला आत जायचं काही कारण नव्हतं, तरी गेले. चाचणीला कुणाचं छायाचित्र घ्यायचं यावर बोलणं चाललं होतं. पेटीवाला खोकत खोकत म्हणाला, "माझंच काढा ना. बायको महिनाभर काढून घ्या म्हणून मागे लागली आहे." एक्स-रेच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले काढायलाच हवा. खाली छायाचित्र निघालं, आणि पेटीवाला वर आल्यावर ते पाठवलं. वर पडद्यासमोर आम्ही सगळे. वन्सं भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून. देवापुढे मिटावेत तसे डोळे मिटलेल्या वन्सं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितल्या, पण कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या सेकंदाला पेटीवाला अखंड उघडला. दोन्ही फुप्फुसं, बरगड्या, हृदय, सगळं. एक्स-रेचे डॉक्टर वाकून बघत राहिले. इतका वेळ, की पेटीवाल्याच्या टकलावर घाम आला. मग म्हणाले, "छाती स्वच्छ आहे. खोकल्याचं औषध घ्या आणि साहेबांचे फोन कमी घ्या." शहराच्या दुसऱ्या टोकाचं एक इस्पितळ चाचणीपुरतं जोडून ठेवलं होतं, पाठोपाठ तिथून निरोप आला, त्यांनाही छाती दिसली, आणि ती कुणाची आहे?

मोठ्या बाई वन्संकडे वळल्या. "चार इस्पितळांचं काम तुमचं."

"बाई, मी चुकले होते."

"म्हणून तर. बाहेरचा माणूस पेट्या बदलत बसला असता. पण दोन गोष्टी. यापुढे तुमच्या प्रत्येक टोकाला दुसरं कुणीतरी पुस्तक उघडून तपासणार. आणि ताई, जुन्या इमारतीत तुमच्या क्रमाच्या तारा किती आहेत?"

वन्सं बोटांवर मोजायला लागल्या आणि मधेच थांबल्या. "पंचवीस वर्षांच्या आहेत बाई. मोजल्या नाहीत कधी."

"मग मोजा. त्याही बदलायच्या. कुठून सुरुवात करता?"

वन्संनी खांद्यावरून पिशवी उतरवली, पक्कड काढली, आणि मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन सरळ त्यांच्या टेबलाखाली शिरल्या. मी भिंग घेऊन शेजारी बसले.

"पाय जरा वर घ्या बाई," टेबलाखालून आवाज आला. "आणि दहा मिनिटं कुणाशी बोलू नका."